मुन्शीजींनी खाल्लेली चिठ्ठी

शनिवार, ता. १४ सप्टेंबर १९५७

आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, सातवीच्या वर्गात, एक्केचाळीस मुलींच्या देखत, शाळा समितीचे चिटणीस प्रभाकरराव यांनी मुन्शी करामत अली यांना "चला, निघा" असे म्हटले. वेळ मी माझ्या घड्याळात पाहिली. ते रोज पुलगावच्या गिरणीच्या भोंग्याशी लावलेले असते, तेव्हा वेळेबद्दल कोणी माझ्याशी वाद घालू नये.

"चला, निघा." बाजारात बैल हाकतात तसे. मुन्शीजी एकोणसत्तर वर्षांचे आहेत. चाळीस वर्षे उर्दू प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाले. गेली दोन वर्षे दर शनिवारी ते आमच्या कन्याशाळेत नीतीचा तास घेतात. तो तास मी समितीशी भांडून सुरू करवला. आधी एक कीर्तनकार येत. ते सांगता सांगता स्वतःच पेंगत. मुन्शीजी आले आणि मुली जाग्या झाल्या. त्यांच्याजवळ आजोबांच्या हातची एक फारसी पोथी आहे. मुलाला वळण कसे लावावे, राग कसा आवरावा, खोटे बोलण्याची खोड कशी सुटते, यावर जुन्या मुसलमान पंडितांनी जे विचार केले, ते तिच्यात उतरवून घेतलेले आहेत. मुन्शीजी ते आपल्या वऱ्हाडीत सांगतात, मी नीट मराठीत लिहून काढते, पुढे पुस्तक छापायचे म्हणून. तेरा पाठ झाले. आज त्यांची परीक्षा होती आणि प्रश्नपत्रिका मी काढली होती.

झाले ते असे. मुली टाटपट्टीवर बसून लिहीत होत्या. प्रभाकरराव रांगांतून फिरत होते. सरकीचे व्यापारी, परीक्षेत फिरायची हौस फार. पट्टीखालून त्यांना एक चिठ्ठी सापडली. तिच्यावर पाचही प्रश्न लिहिलेले. त्यांनी ती मुन्शीजींपुढे धरली. "अक्षर कोणाचं आहे, सांगा. तुम्हाले सगळ्यांचं अक्षर ठाऊक आहे."

मुन्शीजींनी चष्मा लावला, चिठ्ठी वाचली. मग खिशातून डबी काढली, विड्यात चिठ्ठी गुंडाळली आणि विडा तोंडात घातला. जेवल्यासारखे सावकाश चावून गिळूनही टाकला. वर्गात त्यांनी आजवर कधी पान खाल्ले नाही.

 प्रभाकरराव म्हणाले, की प्रश्नपत्रिका दोनच माणसांच्या हातात होती, मोठ्या बाईंच्या आणि मुन्शींच्या. मोठ्या बाईंवर संशय घेईल असा माणूस या जिल्ह्यात जन्मायचा आहे. उरले कोण? आणि मग ते दोन शब्द.

मोठ्या बाई म्हणजे मी, या शाळेची मुख्याध्यापिका. संशयाबद्दल ते म्हणाले ते खरेच आहे. गुरुवारी संध्याकाळी घरी माझ्या टेबलावर मी पाकीट लाखेने बंद केले, त्यावर माझा पितळी शिक्का उठवला आणि शुक्रवारी दहा वाजता स्वतः मुन्शीजींच्या हाती दिले. त्यांनी ते कपाटात ठेवून कुलूप लावले. म्हणजे कोणा मुलीने ते कपाट उघडले. मुन्शीजी तिला ओळखतात आणि वाचवत आहेत. रागावू तरी कोणाकोणावर? चिटणिसांवर रागावले आहेच. पण पुरावा गिळणाऱ्या म्हाताऱ्यावरही रागावले आहे.

परीक्षा रद्द. कांताचे पाचही प्रश्न चाळीस मिनिटांत लिहून झाले होते, तेही उजव्या अंगठ्याला टपोरा फोड असताना. कंदिलाची काच लागली म्हणते. कांता ही माझ्या धाकट्या भावाची नात, दोन वर्षे माझ्याकडे शिकायला आहे. गेल्या वर्षी दुसरी आली, तेव्हा मी तिच्याशी नऊ दिवस बोलले नाही. त्याचे फळ यंदा दिसत होते, तर हा घोटाळा.

रविवार, ता. १५

मुन्शीजींच्या घरी गेले. गावाच्या पलीकडच्या टोकाला दोन खोल्या. बायको गेल्यापासून एकटेच असतात. स्वतः भाकरी थापत होते.

मी सरळ विचारले, "कोण मुलगी?"

"कोनती पोट्टी, बाई?"

"चिठ्ठी कोणाची होती?"

"कागद खराब होता. चुन्यासंग गेला."

"मुन्शीजी, तुमच्यावर चोरीचा आळ आला आहे. शनिवारी अठ्ठावीस तारखेला समिती ठराव करणार. प्रश्नपत्रिका फोडली म्हणून काढून टाकले, असा. तो कार्यवृत्तात जाईल, गावभर होईल."

"होऊ द्या जी. माह्या वर्गात आपुन सातव्या पाठात का शिकवलं? लेकराची पयली चूक दिसली तर न दिसल्यावानी करा. ते सोता लपवून राह्यलं असन, तर मंग अजूनच झाका. दुसऱ्यांदा केली तर एकट्याले घेऊन सांगा. चारचौघांत उघडं पाडलं, का लाज जाते. लाज गेली, का लेकरू मोकळं. मंग त्याले कशाचंच भेव नाई."

"हे लहान खोडीबद्दल आहे. ही चोरी आहे."

"पोथीत वजन लिवलं नाई, बाई. पयली, एवढंच लिवलं हाय." भाकरी उलटताना म्हणाले, "कांता कशी हाये?"

मी सांगितले, की बरी आहे, जेवत नाही, मुलींना भादव्यातल्या उन्हाने होते तसे. ते माझ्याकडे पाहत राहिले. "तिले खेळू द्या जरासं," म्हणाले. "शिकून आल्यावर खेळू न देल्लं, तर लेकराचं मन मरते. तेबी हाय पोथीत."

मुलगी वर्षाअखेर सातवीच्या फायनल परीक्षेला बसायची आहे आणि यांना तिचे खेळणे सुचते. घरी येईपर्यंत माझे डोके तापलेलेच होते.

सोमवार, ता. १६

गुन्हेगार मुलगी मी शोधणारच. आणि सापडली की काय करायचे, तेही मला ठाऊक आहे. कॉन्व्हेंटात मी दहा वर्षांची असताना खडीसाखर घेतली म्हणून मदरने माझ्या गळ्यात पाटी बांधून तीन दिवस ओसरीत उभे केले होते. पाटीवर इंग्रजीत "चोर". मुली जाता-येता वाचायच्या. त्यानंतर मी कोणाच्या काडीला हात लावला नाही. मदर म्हणवणाऱ्या त्या बाईचे मी आजही उपकार मानते. तिचा चेहरा मात्र आठवत नाही. ओसरीच्या फरशा आठवतात, त्यातल्या सतरा काळ्या.

पुठ्ठा कापून पाटी तयार केली. कांताचे अक्षर सुंदर, म्हणून तिच्याकडून लिहवून घेतली: "मी प्रश्नपत्रिका चोरली." अंगठा दुखत असूनही तिने अक्षरे एकसारखी काढली. लिहून झाल्यावर विचारले, "आजी, ही किती दिवस घालावी लागते?"

"तीन."

"जेवतानापण?"

"जेवतानाही."

जरा वेळाने म्हणाली, "मुन्शीजी मंग परत येतीन?"

"येतील," मी म्हटले. "गुन्हेगार सापडला की मुन्शीजी सुटले."

ती मान हलवून भांडी आवरायला गेली. हळवी आहे. मुन्शीजींवर जीव आहे तिचा.

गुरुवार, ता. १९

शाळेत समितीची बैठक. मला बोलावणे नव्हते, मी गेले. अध्यक्ष अण्णाजींनी खुर्ची दिली. त्यांच्या दोन्ही मुली माझ्या हाताखाली शिकल्या, त्यामुळे मला "जा" म्हणायची त्यांची छाती नाही.

प्रभाकरराव उभे राहून बोलले. "मी पह्यलेच म्हटलं होतं, का नीतीचा तास आपल्या माणसानं घ्यावा. या बुढ्याच्या पोथीत लिहिलंय काय, तर चूक झाकून ठेवा. मोठ्या बाईंनी प्रश्नच काढलाय पाहा, तिसरा: 'लहान मुलाची पहिली चूक मोठ्यांनी कशी हाताळावी?' त्याचं उत्तर बुढ्यानं करून दाखवलं. गिळून टाकली."

सगळे हसले. अण्णाजीही हसले.

मी म्हटले, "प्रभाकरराव, तुम्ही सातवीत असताना माझ्या नवऱ्याच्या वर्गात होता. इतिहासाच्या पेपरात तुमच्या धोतराच्या सोग्यात काय सापडले होते, ते मला ठाऊक आहे. त्यांनी ते कोणाला सांगितले नाही. फक्त मला, आणि तेही पंधरा वर्षांनी, तुम्ही चिटणीस झालात तेव्हा."

आता कोणी हसले नाही. प्रभाकरराव लाल झाले. "मोठ्या बाई, तो विषय येथे नाही."

"नाहीच. म्हणून तर तुम्ही आज चिटणीस आहात. आणि पोथी आपल्या माणसाची की परक्याची, हे विचारण्याआधी हे सांगा, की राग हे शिकारी कुत्रे आहे, ते मारायचे नाही, शिकवायचे, हे तिच्यातले वाक्य कोणत्या जातीच्या माणसाला लागू नाही?"

मला वाटले मी जिंकले. पण ठराव तसाच राहिला. मुन्शींनी लेखी खुलासा द्यावा, नाहीतर अठ्ठावीसला नाव कमी. आणि नीतीचा तास कायमचा बंद. "बाईंचं पुस्तक छापाले हरकत नाही," अण्णाजी समजूत घातल्यासारखे म्हणाले, "पण मुन्शीजींचं नाव नको वर."

त्यांच्या तोंडाकडे पाहत मी म्हटले, "मग माझेही नको." घरी येऊन दोन तास काही सुचले नाही. नवऱ्याची ती गोष्ट मी चारचौघांत काढली. काढायला हवी होती. हवीच होती.

शनिवार, ता. २१



सकाळी लाखेची कांडी शोधत होते. नवी कोरी कांडी गेल्या गुरुवारी एकदाच वापरली होती, ती अर्धी झालेली. पंचफुलाला विचारले. ती माझ्याकडे सहा वर्षे भांडी घासते. गेल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन दीक्षा घेतल्यापासून ती उरलेले अन्न नेत नाही, ताजे दिले तर नेते. तिचे बरोबर आहे. मीच आधी द्यायला हवे होते. सांगायचे ते हे, की ती कोणाची भीड धरत नाही.

"कांडी?" ती म्हणाली. "कांतानं वापरली ना. त्या शुक्रवारी सकायी. तुमी ठेसनाकडे फिराले गेलत्या. चुलीवर सुरी तापवून पाकिटाले लावून राह्यली होती. मंग तुमचा शिक्का दाबला. तवाच तर अंगठा पोळला तिचा."

मी खुर्चीत बसले.

"तू पाहिलेस?"

"पाह्यलं तर. मले वाटलं तुमीच सांगतलं असन."

"मग आठ दिवस बोलली काऊन नाहीस?" माझ्या तोंडून तिचाच शब्द निघाला.

"तुमी इचारलं कोठी?" तिने राखेचा हात कमरेला पुसला. "आन् सांगू का, बाई? पोट्टी तुमाले लय भेते. दुसरा नंबर आला तवा नऊ रोज तुमी तोंड फिरवलं. ती माह्यापाशी येऊन चुलीजवळ बसे. मले म्हने, आजी मले आता घरी धाडून देईन का."

कोणीच उठून कपाट उघडले नव्हते. माझ्याच टेबलावरून, माझ्याच लाखेने, माझ्याच शिक्क्याने. आणि मुन्शीजींनी ते अक्षर एका नजरेत ओळखले. मी तेच अक्षर पुठ्ठ्यावर काढवून घेतले आणि छान आहे म्हटले.

मागच्या पडवीत गेले. तिने आमचे बोलणे ऐकले असावे. पाटी गळ्यात घालून भिंतीला टेकून उभी होती. दोरी मी कोणा मोठ्या मुलीच्या अंदाजाने कापली होती. पाटी तिच्या गुडघ्यांवर आली होती.

"आजी, मी सोता घातली," ती म्हणाली. "आजपासून मोजा."

मला राग आला. इतका राग मला आयुष्यात आला नसेल. तो कोणावर होता, ते या पानावर लिहिता येत नाही. पाटी काढली. गाठ सुटेना म्हणून दोरी दातांनी तोडली. पंचफुलाने माझ्या हातातून पाटी घेऊन चुलीत घातली. मी तिला तसे सांगितले नव्हते. अडवलेही नाही.

कांताशी एक शब्द बोलले नाही. काय बोलावे तेच कळत नव्हते. ती मात्र समजली असेल, की पुन्हा नऊ दिवस.

रविवार, ता. २२

पहाटेच उठून मुन्शीजींकडे गेले.

"मला कळले," मी म्हटले.

"का कळलं जी?"

"कोण, ते."

"कोन? मले तर नाई मालूम." आणि चहाचे आधण ठेवले. माझ्या तोंडावर, माझ्या घरातल्या मुलीबद्दल, हा माणूस मलाही हो म्हणेना.

मग मी चिडले. "तुमचे मोठेपण ठेवा तुमच्यापाशी. अठ्ठावीसला तुमच्या नावावर चोरी चढेल. चाळीस वर्षांचे विद्यार्थी ऐकतील. तास बंद होईल, म्हणजे पुढच्या मुलींना तो सातवा पाठ कोण सांगणार? एका मुलीला झाकायला बाकी सगळ्यांना उघड्यावर टाकता. मी उद्या शाळेत जाऊन तिचे नाव सांगते."

"सांगा," ते म्हणाले. "तुमची जबान हाय." चहा गाळला. "मी चाळीस वर्सं शिकवलं, का चूक झाका. सोताच्या नावावर आलं तवा उघडली, तर मंग मी चाळीस वर्सं का शिकवलं? नुसती कविता म्हटली का?"

त्यांनी चुलीतले लाकूड मागे ओढले.

"बाई, ती लपवून राह्यली ना? मंजे लाज हाय. लाज असली तवरीक जमीन वल्ली हाय, काई बी उगवते. तुमी तिच्यासंग बोलल्या का?"

"नाही."

"आजपावेतो नाई?"

त्यांनी कप पुढे केला. चहा गोडमिट्ट होता.

घरी येताना एक गोष्ट लक्षात आली, आणि ती लक्षात यायला आठ दिवस लागले याचीही चीड आली. मुलीचे नाव न सांगता खरे सांगता येते. पाकीट मुन्शीजींच्या ताब्यात फुटले नाही. माझ्या ताब्यात फुटले. टेबलावर पाकीट, शेजारी लाख, शिक्का आणि उघडे घर ठेवून मी फिरायला गेले. हे सगळे खरे आहे. यात खोटा शब्द एक नाही. पण मग "मोठ्या बाईंवर संशय घेणारा जन्मायचा आहे" हे संपले. प्रभाकरराव दुकानात बसून सांगतील. अण्णाजी पुन्हा खुर्ची देतील, पण आधी जरा थांबून.

एकतीस वर्षे मी शाळा चालवली. एकतीस वर्षांत माझ्या शिक्क्याकडे कोणी दुसऱ्यांदा पाहिले नाही.

सोमवार, ता. २३

दुपारी दार लावून कांताला जवळ बोलावले. पंचफुलाला बाहेर पाठवले. ठरवून ठेवलेले सगळे विसरले. म्हटले, "पुन्हा करशील?"

"नाही."

"का केलेस, ते मला ठाऊक आहे. ते मला आवडले नाही. म्हणजे, माझे मला आवडले नाही." फार वाईट वाक्य. शाळेत कोणी लिहिले असते तर मी लाल शाईने कापले असते.

ती म्हणाली, "मुन्शीजींनी सांगतलं का माहं नाव?"

"नाही. त्यांनी मलाही सांगितले नाही."

ती खूप रडली. मी पाठीवर हात ठेवला. किती वेळ ठेवतात ते माहीत नव्हते, म्हणून ती थांबेपर्यंत ठेवला. संध्याकाळी दोन भाकरी खाल्ल्या तिने. मग अंगणात शेजारच्या मुलींबरोबर लंगडी खेळली. फायनलचा अभ्यास तसाच पडला आहे. मी काही बोलले नाही. बोलायचे फार होते.

मंगळवार, ता. २४

आज चिटणिसांना पत्र पाठवले. नक्कल इथे ठेवते. मुन्शीजींना आधी वाचून दाखवले होते. मूळ मसुद्यात प्रभाकररावांनी त्याच वर्गात, त्याच एक्केचाळीस मुलींसमोर माफी मागावी, अशी मागणी होती. मुन्शीजी म्हणाले, "त्याचीबी पयलीच चूक हाय." मी म्हटले, तो बावन्न वर्षांचा आहे. ते म्हणाले, "पोथीत उमर लिवली नाई." मागणीचे ते वाक्य मी खोडले. माझ्या इच्छेविरुद्ध खोडले आहे, हे इथे नोंदवते. बैठकीत धोतराच्या सोग्याची गोष्ट मी काढली होती, ती चूक मात्र माझी मला भरून काढावी लागली. तेही पत्रात आहे.

श्री. प्रभाकरराव, चिटणीस, शाळा समिती, यांस.

शनिवार ता. १४ सप्टेंबर रोजी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आपण मुन्शी करामत अली यांना वर्गाबाहेर काढले. ते निर्दोष आहेत. प्रश्नपत्रिकेचे पाकीट त्यांच्याकडे जाण्यापूर्वीच, शुक्रवार ता. १३ रोजी सकाळी सहा ते सातच्या दरम्यान, माझ्या घरी उघडले गेले व माझ्याच शिक्क्याने पुन्हा बंद केले गेले. त्या वेळी ते माझ्या ताब्यात होते. निष्काळजीपणा संपूर्ण माझा आहे. समितीस ठराव करावयाचाच असेल तर त्यात माझे नाव घालावे. नावाच्या शुद्धलेखनाची अडचण पडल्यास विचारावे.

पाकीट कोणी उघडले, हे मला माहीत आहे. ते मी आपणास, अध्यक्षांस अथवा अन्य कोणासही सांगणार नाही. जी व्यवस्था करावयाची ती माझ्या घरात झाली आहे.

गुरुवारच्या बैठकीत आपल्या शालेय दिवसांतील एका गोष्टीचा मी सर्वांसमक्ष उल्लेख केला. माझ्या दिवंगत पतींनी जे झाकले, ते उघडण्याचा मला अधिकार नव्हता. त्याबद्दल मी दिलगीर आहे. आपण बोललेल्या इतर सर्व गोष्टींबद्दल माझे मत तेच आहे, व ते सौम्य नाही.

माझी मागणी अशी: मुन्शीजींवरील आरोप मागे घ्यावा, शनिवारचा तास त्यांच्याच नावे, त्यांच्याच पोथीवरून पूर्ववत चालू ठेवावा, आणि आपण त्यांच्या घरी जावे, एकटे. तेथे काय बोलाल ते मला कळवण्याची गरज नाही, त्यांनाही माझ्याकडे सांगण्याची सवय नाही.

पुढील तास शनिवार ता. २८ रोजी सकाळी नऊ वाजता आहे. मुली साडेआठपासून येऊन बसतात. तेव्हा आपले लेखी उत्तर, आपल्या सहीनिशी, शुक्रवार ता. २७ सप्टेंबर १९५७ रोजी सायंकाळी पाच वाजेपर्यंत माझ्या हाती पडले पाहिजे. तोंडी निरोप घेतला जाणार नाही. पाच म्हणजे गिरणीच्या भोंग्याचे पाच.